समस्थानिके आणि अणुवस्तुमान : सरासरीमागील सत्य



आवर्तसारणीत क्लोरीनचे अणुवस्तुमान 35.45 असे दिलेले असते. मात्र एवढ्या वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू निसर्गात आढळत नाही. स्पर्धा परीक्षांत अनेकदा विचारल्या जाणाऱ्या या विषयाचे मर्म याच विसंगतीत आहे.

अणूतील प्रोटॉनांच्या संख्येवरून मूलद्रव्य ठरते. हाच त्याचा अणुक्रमांक होय. प्रोटॉन तितकेच, परंतु न्यूट्रॉनांची संख्या भिन्न असलेल्या अणूंना समस्थानिके म्हणतात. ही संकल्पना फ्रेडरिक सॉडी यांनी 1913 मध्ये मांडली. 1919 मध्ये फ्रान्सिस ॲस्टन यांनी केंब्रिज येथे अणूंची वस्तुमानानुसार विभागणी करणारे उपकरण तयार केले आणि स्थिर मूलद्रव्यांनाही समस्थानिके असतात, हे दाखवून दिले.

क्लोरीनचे सुमारे 75.8 टक्के अणू 34.97 वस्तुमानाचे, तर 24.2 टक्के अणू 36.97 वस्तुमानाचे असतात. प्रत्येक वस्तुमानाला त्याच्या प्रमाणाने गुणून बेरीज केल्यास 35.45 ही भारित सरासरी मिळते. यासाठीचे एकक 1961 पासून कार्बन-12 या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग हे आहे. वस्तुमानांक मात्र प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बेरीज असल्याने नेहमी पूर्णांकच असतो. या दोहोंत गल्लत करू नये.

आर्गॉनचा अणुक्रमांक 18 व पोटॅशियमचा 19. तरीही आर्गॉनचे अणुवस्तुमान 39.95, तर पोटॅशियमचे 39.10 आहे. आर्गॉनमध्ये आर्गॉन-40 चे, तर पोटॅशियममध्ये पोटॅशियम-39 चे प्राबल्य असल्यामुळे हा उलटा क्रम दिसतो.

समस्थानिकांचे प्रमाण सर्वत्र तंतोतंत सारखे नसते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्र संघाने 2009 मध्ये हायड्रोजन, कार्बन, क्लोरीन यांसह 10 मूलद्रव्यांची प्रमाणित अणुवस्तुमाने एका संख्येऐवजी दोन मर्यादांच्या स्वरूपात देण्याचे ठरविले.

सरासरी जेवढे सांगते, तेवढेच लपवितेही. युरेनियमचे अणुवस्तुमान 238.03 आहे, कारण त्यातील 99.27 टक्के अणू युरेनियम-238 चे असतात. मंद न्यूट्रॉनांनी सहज विखंडन पावणारे युरेनियम-235 केवळ 0.72 टक्के असते. आकड्यात जवळजवळ न दिसणारा हा अंशच अणुऊर्जेचा पाया ठरला. दोन्ही समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखेच असल्याने केवळ वस्तुमानातील किंचित फरकाच्या आधारे ती वेगळी करावी लागतात. ही प्रक्रिया अत्यंत खर्चिक व अवघड आहे.

महाराष्ट्रातील तारापूर येथे या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी-शेजारी दिसतात. 1969 मध्ये कार्यान्वित झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या साध्या पाण्याच्या आहेत. साधे पाणी अधिक न्यूट्रॉन शोषून घेत असल्याने त्यांच्यासाठी युरेनियम-235 चे प्रमाण वाढविलेले, म्हणजेच समृद्ध युरेनियम लागते. तिसऱ्या व चौथ्या, प्रत्येकी 540 मेगावॅटच्या अणुभट्ट्यांत मात्र जड पाणी वापरलेले असल्याने नैसर्गिक युरेनियम पुरते. हे जड पाणीदेखील हायड्रोजनच्या ड्यूटेरियम या समस्थानिकापासूनच बनते. इंधन समृद्ध करण्याचा खर्च व त्यासाठीचे परावलंबन टाळता यावे, म्हणून भारताने आपल्या अणुऊर्जा कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यासाठी हाच मार्ग निवडला.

सारांश, अणुवस्तुमान हा केवळ पाठ करावयाचा आकडा नव्हे. निसर्गातील समस्थानिकांच्या प्रमाणाचा तो लेखाजोखा आहे आणि त्या प्रमाणावर एखाद्या राष्ट्राचे ऊर्जाधोरणही अवलंबून असू शकते.