नाणे वाजवून घ्यावे

जुन्या काळी सराफाच्या पेढीवर एक देखावा नित्य दिसत असे. गिऱ्हाइकाने रुपया पुढे केला की सराफ तो दगडावर टाकी आणि कान देऊन त्याचा नाद ऐके. बडोद्याच्या बाजारात तर ही दक्षता अधिकच आवश्यक होती. संस्थानचा बाबाशाही रुपया निराळा, इंग्रज सरकारचा कलदार निराळा, आणि दोहोंमधला बट्टाही ध्यानात ठेवावा लागे. नाणे खणखणीत वाजले म्हणजे व्यवहार पुरा. बद्द वाजले की ते परत. सराफ नाणे वाजवून पाही म्हणून गिऱ्हाइकाला अपमान झाल्यासारखे वाटत नसे. तो व्यापाराचा रिवाजच होता.

पुढे बाबाशाही नाणे गेले. १९०८ साली सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली आणि पेढीच्या गादीशेजारी बँकेचे टेबल आले. २०१६ साली यूपीआय ही देवघेवीची पद्धत सुरू झाल्यानंतर तर पैसा हाताला लागण्याचेही कारण उरले नाही. मांडवीतला भाजीवाला आणि रावपुऱ्यातला पुस्तकविक्रेता आज ठशांची एक चौकट पुढे करतो आणि रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. सोय मोठीच झाली. परंतु नाणे दिसेनासे झाले म्हणून ते वाजवून घेण्याची गरज नाहीशी झाली, असे समजणे मात्र महागात पडते.

आज घरातील जुन्या वस्तू इंटरनेटवर विकण्याची चाल सर्वत्र पडली आहे. दांडियाबाजारातला वाडा सोडून गोत्री किंवा वासणा भागातील सदनिकेत जावयाचे, तर शिसवी झोपाळा आणि भले मोठे कपाट तेथे मावत नाही. विद्यापीठातला विद्यार्थी शिक्षण संपवून गावी निघाला, की सायकल आणि टेबल कोणास तरी द्यावयाचे असते. वस्तूचे छायाचित्र काढावे, किंमत लिहावी आणि जाहिरात प्रसिद्ध करावी, इतके हे काम सोपे आहे. या सोप्या कामाच्या आडोशाने एक विशिष्ट लबाडी वावरत असते. ती म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त पैसे आल्याचा देखावा करून ती 'जास्तीची' रक्कम परत मागणे.

तिचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका निवृत्त शिक्षकांनी आपला झोपाळा पंधरा हजार रुपयांस विकावयास काढला. तासाभरातच दूरध्वनी आला. बोलणारा गृहस्थ मोठा अदबशीर. आपण सैन्यात आहोत, नुकतीच बदली झाली आहे, सामान नेण्यास टेम्पो पाठवितो, असे तो सांगतो. ओळखपत्राचे छायाचित्रही धाडतो. किमतीबद्दल घासाघीस नाही, झोपाळ्याचे लाकूड कसे आहे याची चौकशी नाही. थोड्याच वेळात शिक्षकांच्या फोनवर संदेश येतो, 'आपल्या खात्यात ५१,००० रुपये जमा.' पाठोपाठ त्या गृहस्थाचा घाबरा आवाज, "सर, घात झाला! पंधराच्या जागी एकावन्न हजार पडले. आई इस्पितळात आहे, तिच्यासाठी ठेवलेले पैसे होते. वरचे छत्तीस हजार एवढे परत पाठवा."

शिक्षक प्रामाणिक. दुसऱ्याचा पैसा क्षणभरही आपल्याकडे राहू नये, अशी त्यांची शिकवण. शिवाय समोरचा मनुष्य संकटात. ते तातडीने छत्तीस हजार पाठवितात. टेम्पो येत नाही. संध्याकाळी शिल्लक पाहतात, तो एकावन्न हजार मुळी आलेलेच नसतात. तो संदेश बँकेचा नव्हताच. त्या लबाडानेच तो रचून धाडला होता. झोपाळा घरातच राहिला आणि गाठीचे छत्तीस हजार गेले.

या कपटाचे मर्म नीट ध्यानी घ्यावयास हवे. बहुतेक फसवणुकी माणसाच्या लोभावर उभ्या असतात. दुप्पट व्याज, फुकटचे सोने, लागलेली सोडत, असे काहीतरी आमिष त्यांत असते आणि फसलेल्यास लोक 'हाव नडली' असे म्हणतात. येथे तसे नाही. येथे सावज होतो तो सज्जनपणा. ज्याला परक्याचा पैसा पचविता येत नाही, तोच या जाळ्यात प्रथम सापडतो. लोभी मनुष्य कदाचित आलेली रक्कम गिळून गप्प बसेल आणि वाचेल! म्हणून प्रामाणिकपणास सावधपणाची जोड देणे हाच येथे उपाय आहे.

ही लबाडी नाना रूपे घेते. वर सांगितलेले पहिले रूप खोट्या संदेशाचे. बँकेचे संदेश सामान्यतः अक्षरांच्या ठरावीक नाममुद्रेखाली येतात. दहा आकडी खाजगी क्रमांकावरून 'रक्कम जमा' असा संदेश आला, तर तेथेच संशय घ्यावा. तथापि नाममुद्रेचेही सोंग आणता येते. पैसे पाठविल्याच्या पावतीचे बनावट चित्र करणे तर त्याहून सोपे. म्हणून संदेश कोणताही असो, तो केवळ वार्ता समजावी, पुरावा नव्हे. पुरावा एकच, तो म्हणजे आपण स्वतः उघडून पाहिलेले खाते.

दुसरे रूप धनादेशाचे. खरेदीदार ठरल्याहून मोठ्या रकमेचा धनादेश विक्रेत्याच्या खात्यात भरतो आणि वरची रक्कम वाहतूकदारास द्यावयास सांगतो. खात्यात आकडा दिसू लागतो. परंतु आकडा दिसणे निराळे आणि धनादेश वटणे निराळे. भारतात ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांचे समाशोधन दिवसभर सतत होऊ लागल्याने हा मधला काळ पुष्कळ कमी झाला आहे. परदेशी मात्र तो धोका मोठा आहे. बडोद्यातील अनेक घरांतील मुलेमुली अमेरिकेत शिकावयास वा नोकरीस आहेत, त्यांच्या आईवडिलांनी ही गोष्ट त्यांच्या कानावर अवश्य घालावी. तेथील १९८७ च्या कायद्याप्रमाणे भरलेल्या धनादेशाची रक्कम ठरावीक दिवसांत ग्राहकास वापरू द्यावी लागते. पण तो धनादेश बनावट असल्याचे कधी कधी काही आठवड्यांनी उघडकीस येते. मग बँक सारी रक्कम खात्यातून वळती करून घेते. मधल्या काळात 'जास्तीचे' म्हणून जे परत पाठविले, ते मात्र कायमचे गेलेले असते.

तिसरे रूप अधिक गहन आहे. यात जास्तीची रक्कम खरोखरच खात्यात येते. मात्र ती दुसऱ्या कोणा अभाग्याला लुबाडून आणलेली असते. 'ती अमुक खात्यात परत करा' असे सांगितले जाते आणि ते अमुक खाते, जेथून रक्कम आली त्याहून वेगळे असते. विक्रेत्याने पैसे पुढे ढकलले, की चोरीच्या मालाच्या वाटेवर त्याचे घर एक मुक्काम ठरते. पोलिसांचा माग खात्यापर्यंत येतो, खाते गोठविले जाते आणि निरपराध मनुष्यास खुलासे करीत हिंडावे लागते. अशी रक्कम आलीच, तर ती खर्चू नये व स्वतः कोठे पाठवूही नये. आपल्या बँकेस लेखी कळवावे आणि ज्या मार्गाने ती आली त्याच मार्गाने बँकेकडून परत जाऊ द्यावी. खरा चुकलेला मनुष्य असेल, तर त्याला आपल्या बँकेकडे तक्रार करण्यास कोणतीच अडचण नसते. अडचण असते ती फक्त लबाडाला.

चौथे रूप गुप्त अंकाचे, म्हणजे पिनचे. 'पैसे मिळविण्यासाठी' ही चौकट टिपा आणि पिन घाला, असे विक्रेत्यास सांगितले जाते. वस्तुतः यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे घेताना तो कधीच लागत नाही. दिल्लीत २०२१ च्या फेब्रुवारीत एका जुन्या सोफ्याच्या विक्रीत हेच घडले. खरेदीदाराने खात्री पटविण्यासाठी आधी किरकोळ रक्कम खरोखरच पाठविली, नंतर टिपण्यासाठी चौकट धाडली आणि विकणाऱ्या तरुणीच्या खात्यातून ३४ हजार रुपये काढून घेतले. घर सुशिक्षित होते, राहणे राजधानीत होते. तरीही हे झाले. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकींविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. दूरच्या ठाण्यावर नेमणूक असलेला सैनिक म्हणवून घेणारा खरेदीदार आणि पैसे देण्याऐवजी पैसे मागणारी त्याची विनंती, ही दोन्ही लक्षणे तीत नोंदलेली आहेत. पुढे १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर अशी मागणी पाठविण्याची सोयच बंद करण्यात आली. एक दार लागले. चौकटीचे दार अजून उघडे आहे.

या सर्व रूपांत एक खूण समान असते, ती म्हणजे घाई. टेम्पो निघाला आहे, आई अत्यवस्थ आहे, साहेब ओरडत आहेत, अशी कारणे एकामागून एक येतात. विक्रेत्याने विचार करू नये, कोणास विचारू नये, एवढाच त्यांचा हेतू. येथे जुन्या व्यापाऱ्यांचा एक रिवाज आठवतो. हुंड्यांच्या काळात 'शाहाजोग' हुंडी असे. तिची रक्कम बाजारातील पतदार शाहालाच द्यावयाची आणि हुंडी घेऊन येणाऱ्याची चौकशी केल्याशिवाय द्यावयाची नाही, असा दंडक होता. पुढे ती हुंडी खोटी वा चोरीची निघाली, तर त्या शाहाला पैसे व्याजासह परत करावे लागत. तार व दूरध्वनी नसताना शेकडो कोसांवर पैसा पोहोचविणारी ती माणसे कोणाच्या घाईने घाई करीत नसत. आज पैसा क्षणात जातो, म्हणून निर्णयही क्षणात घ्यावा, असे थोडेच आहे?

तेव्हा विकणाऱ्याने काही नियम घरातच ठरवून ठेवावेत. वस्तू पाहिल्यावाचून पूर्ण किंमत मोजणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. खरा गिऱ्हाईक घासाघीस करतो, लाकूड ठोकून पाहतो. शक्य तो वस्तू समोरासमोर द्यावी आणि पैसे तेथेच घ्यावेत. खात्यात रक्कम आली की नाही, हे स्वतः पाहून मगच वस्तू हलू द्यावी. कोणी पाठविलेली चौकट टिपू नये, आपल्या फोनचा पडदा दुसऱ्यास दाखविणारे साधन उतरवून घेऊ नये. आणि सर्वांत मुख्य नियम असा, की 'जास्त आलेले परत करा' हे शब्द कानी पडताच फोन खाली ठेवावा आणि बँकेत जावे. ज्येष्ठांनी मुलासुनेस वा शेजाऱ्यास विचारण्यात कमीपणा मानू नये, आणि विचारले असता मुलासुनांनीही वैतागू नये.

एवढे करूनही कोणी फसलाच, तर त्याने पहिला शत्रू ओळखावा. तो शत्रू म्हणजे लाज. 'एवढे शिकलेलो, आणि असा फसलो. लोक काय म्हणतील?' या विचारात पुष्कळजण एक रात्र घालवितात, आणि त्या रात्रीत पैसा चार खाती ओलांडून जातो. त्याऐवजी तत्काळ १९३० हा क्रमांक फिरवावा. या क्रमांकावर नोंदलेली तक्रार संबंधित बँकांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था आहे आणि पैसा वाटेत असतानाच तो अडविता येण्याचा संभव असतो. आपल्या बँकेस कळवावे, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर वा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी, आणि आलेले संदेश, क्रमांक व चित्रे पुसून न टाकता पुरावा म्हणून जपावीत. कायदा दुबळा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली सोंग घेऊन फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. फसवणुकीचे जुने ४२० कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात गेले. 'चारसोवीस' हा शब्द भाषेत राहिला, आकडा तेवढा बदलला, आणि सात वर्षांपर्यंतची शिक्षा कायम आहे.

वर कल्पिलेल्या त्या शिक्षकांना शेजाऱ्यांनी 'फसलात कसे?' असे विचारण्यापेक्षा 'कळविलेत का?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मनुष्य घरात तोंड लपवून बसतो. दुसऱ्याने तो फोनाकडे वळतो. त्यांनी परक्याचे म्हणून जे परत केले, त्यात त्यांच्या मनाचा दोष नव्हता. पाठविण्यापूर्वी ते आले होते की नाही, एवढेच पाहावयाचे राहिले. सराफ रुपया वाजवून पाही, तेव्हा गिऱ्हाइकावर चोरीचा आरोप करीत नसे. तो केवळ आपल्या कानाने खात्री करून घेई. आजच्या पैशाला नाद नाही. म्हणून कानाचे काम डोळ्यांनी करावयाचे, आणि खात्यातील शिल्लक पाहिल्यावाचून एक पैही परत करावयाची नाही.