मालवाहू ई-सायकल : सहा आठवड्यांचा हिशोब

आज एका वाहनाबद्दल बोलायचं आहे. ते आपल्या शहरांत हळूहळू दिसायला लागलंय, पण घरगुती वापरासाठी घ्यावं की नाही हे कुणी नीट सांगत नाही. मालवाहू ई-सायकल. म्हणजे मजबूत चौकटीची, मागे मोठं कॅरियर किंवा पुढे पेटी असलेली, बॅटरी आणि मोटर लावलेली सायकल.

मी देवनहळ्ळीला राहतो. बंगळुरूचा विमानतळ २००८ साली इथे सुरू झाला आणि गावाचं उपनगर झालं. आमच्या वसाहतीतल्या काही जणांनी मिळून अशी एक सायकल घेतली. पावसाळ्यात ती सहा आठवडे माझ्याकडे होती. ३४० किलोमीटर चालवली आणि रोज वहीत नोंद ठेवली. कंपनीचं नाव सांगणार नाही. मला कुणाचा माल खपवायचा नाही आणि कुणाचा पाडायचाही नाही. तुम्ही दुकानात जाल तेव्हा काय बघायचं, एवढं कळलं की माझं काम झालं.

आधी एक गोष्ट साफ करतो. ओझ्याची सायकल ही आपल्याला नवी नाही. मुंबईचा डबेवाला १८९० पासून डबे पोचवतोय आणि त्याची सायकल पूर्णपणे मालवाहूच आहे. दोन्ही बाजूंना किटल्या लावलेला दूधवाला आपण सगळ्यांनी पाहिलाय. लष्करी इतिहासात तर सायकलीने एक लढाई फिरवली. १९५४ साली दिएन बिएन फूला व्हिएतनामी सैन्याने डोंगरातून रसद नेली ती सायकलींवर. एकेका सायकलीवर दोनशे किलोहून जास्त. ते सायकल चालवत नव्हते, हँडलला आणि सीटला बांबू बांधून ढकलत होते. फ्रेंचांचा अंदाज असा होता की एवढी रसद त्या रानातून येऊच शकत नाही. ती आली.

आणि देवनहळ्ळीत बसून बोलतोय म्हणून इथलंही सांगतो. इथला किल्ला कॉर्नवॉलिसच्या फौजेने १७९१ मध्ये घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणच्या दारातून मागे फिरला होता. लढाई हरला म्हणून नव्हे, तोफा ओढणारे बैल मेले म्हणून. मोठ्या तोफा स्वतःच्या हाताने निकामी कराव्या लागल्या. परतीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची मराठा फौज भेटली, तिच्या बाजारात धान्य होतं, म्हणून त्याची माणसं जेवली. ओझं कोण आणि कशावर वाहणार हा प्रश्न लहान नसतो. घरातही नसतो.

आता हिशोब.

ही सायकल रिकामी असताना ३० किलोची. मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर. बॅटरी ३६ व्होल्ट, १३ अँपिअर-तास, म्हणजे साधारण ४७० वॅट-तास. अर्धा युनिट वीजसुद्धा नाही. एका चार्जमध्ये कंपनी ६० किलोमीटर सांगते. मला सामान घेऊन, थोडे पेडल मारून, २८ ते ३० मिळाले. त्यापुढे बॅटरी पार रिकामी करण्यात अर्थ नसतो. तुम्हाला दुकानात जो आकडा सांगतील तो निम्मा धरा आणि त्या निम्म्यात तुमचं काम होतंय का ते बघा. आमचं होत होतं. भाजी, किराणा, दवाखाना, बँक, बस स्टँड, हे सगळं मिळून दिवसाला दहा किलोमीटरच्या वर जात नाही.

वजनाची चाचणी मी तीन प्रकारे केली. २५ किलोचं तांदळाचं पोतं मागच्या कॅरियरवर आडवं. पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन, दोन्ही बाजूंना एकेक. आणि पपनसांची पोती, कारण आमच्याकडचं पपनस, ज्याला इथे चक्कोता म्हणतात, त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि मोसमात पाहुण्यांना ते द्यावंच लागतं. एकेक फळ किलोच्या पुढे.

निष्कर्ष असा. वजन किती यापेक्षा ते किती उंचीवर आहे हे महत्त्वाचं. ४० किलो पाणी दोन्ही बाजूंना, चाकाच्या आसाजवळ असताना सायकल शांत चालली. त्याहून हलकं पोतं उंच कॅरियरवर ठेवलं की वळणावर हँडल डुलायला लागलं. खेचरावर सामान लादतानाही हाच नियम असतो. दोन्ही बाजू समान, ओझं खाली, आणि काहीही हलता कामा नये. दूधवाल्याच्या किटल्या बाजूंना लटकतात, त्या उगाच नाही.

दुसरं, सायकल पडते ती चालताना नाही, सामान चढवताना. एका बाजूचा स्टँड असेल तर पहिला कॅन लावताच ती कलंडते. म्हणून दोन पायांचा, मधला रुंद स्टँड हवाच. तो नसेल तर बाकी काहीही असो, घेऊ नका.

चढाबद्दल. समजा मी ७२ किलो, सायकल ३०, सामान ३०, एकूण १३२ किलो. शंभर मीटरला चार मीटर चढणारा रस्ता ताशी १२ किलोमीटरने चढायला साधारण २१५ वॅट लागतात. मोटर एकटी ओढते. हाच चढ शंभराला सात झाला की साडेतीनशेच्या आसपास लागतात. म्हणजे शंभर वॅट तुमच्या पायांनी द्यायचे. माझ्या वयाला दोन-चार मिनिटं जमतं, अर्धा तास नाही. आणि वेग फार मंदावला की हब मोटर ताकद देण्याऐवजी तापते. युरोपातल्या मालवाहू सायकलींत बहुधा पेडलजवळ मोटर असते, ती गिअरमधून जोर लावते, म्हणून चढाला बरी. पण ती महाग. देवनहळ्ळी बऱ्यापैकी सपाट आहे. तुम्ही पुण्यात टेकडीवर राहत असाल, किंवा तुमच्या घराआधी मोठा चढ असेल, तर दुकानदाराला सांगा, सामानासकट तुमच्याच चढावर चालवून दाखव. दुकानासमोर फेरी मारून काही कळत नाही.

ब्रेक. ताशी २५ म्हणजे सेकंदाला सात मीटर. समोर कुत्रं आलं हे लक्षात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे सात मीटर गेले. चांगले ब्रेक असतील तर पुढचे सहा. एकूण तेरा मीटर, आणि हे कोरड्या रस्त्यावर. ओल्या रस्त्यावर रिमला घासणारे जुन्या पद्धतीचे ब्रेक या वजनाला पुरत नाहीत. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेलीच घ्या. आमच्या गेटवर डिलिव्हरीला येणारा एक मुलगा बिदर जिल्ह्यातला आहे, घरी मराठी बोलतो. दिवसभर भाड्याच्या ई-वाहनावर असतो. तो म्हणाला, "काका, पॅड झिजले की आवाज येतो म्हणतात, पण पावसात आवाज येत नाही. आठवड्याला डोळ्यांनी बघायचं." मी आता रविवारी बघतो.

पंक्चर. यावर कुणी बोलत नाही. हब मोटर मागच्या चाकात, तिची वायर चाकातून बाहेर आलेली. पावसात पंक्चर झालं तेव्हा रस्त्याकडेच्या दुकानदाराने एक नजर टाकली आणि म्हणाला, "मोटार इदे सार, आगल्ल." मोटर आहे, होणार नाही. शेवटी चाक न काढता, टायर एका बाजूने सोडवून, ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावलं. हे काम स्वतः शिकून घ्या. दोन टायर लिव्हर, ठिगळं, पंप आणि योग्य मापाचा पाना सीटखाली ठेवा. हवा आठवड्याला तपासा. वजन वाहणाऱ्या चाकात हवा कमी असली की पंक्चरही होतं आणि स्पोकही तुटतात.

आता पैसे. दिवसाला दहा किलोमीटर, वर्षातले ३०० दिवस, म्हणजे ३,००० किलोमीटर. लिटरला ४५ देणाऱ्या पेट्रोल स्कूटरला ६७ लिटर लागतील. शंभर-सव्वाशे कमीजास्त धरून सात हजार रुपये. ई-सायकलला चार्जरमधलं नुकसान धरून ४५ युनिट. सात रुपये युनिट धरलं तरी सव्वातीनशे. वाचले साधारण साडेसहा हजार. सायकल पन्नास हजारांची. म्हणजे नुसत्या पेट्रोलवर पैसे वसूल व्हायला सात वर्षांहून जास्त, आणि तेवढ्यात एकदा बॅटरी बदलावी लागेलच. तेव्हा घरात चालती स्कूटर असेल तर पेट्रोल वाचवायला ही सायकल घेऊ नका. हिशोब बसत नाही. तो बसतो तेव्हा, जेव्हा तुम्ही दुसरी स्कूटर किंवा दुसरी गाडी घेणार होता आणि तिच्याऐवजी ही घेता. किंवा आमच्यासारखी तीन-चार घरं मिळून एक घेतात.

कायदा नीट समजून घ्या. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ च्या आत, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर केंद्रीय नियमांनुसार ते मोटार वाहन धरलं जात नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही. पण ते तसं आहे हे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने प्रमाणित केलेलं असावं लागतं. आपल्या पुण्यातली एआरएआय ही त्यातलीच एक. दुकानात ते प्रमाणपत्र मागा. दाखवत नसतील तर बाहेर पडा.

कारण एका दुकानात मला हळूच सांगण्यात आलं, "साहेब, ही एक वायर काढली की चाळीस जाते." जाईल. पण त्या क्षणी ते कायद्याने मोटार वाहन झालं. नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं, आणि बहुधा विनापरवाना चालवलं जाणारं. उद्या कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या खिशातून आणि गुन्हा तुमच्या नावावर. शिवाय चौकट आणि ब्रेक पंचवीसच्या हिशोबाने बनवलेले. लायसन्स लागत नाही म्हणून नातवाच्या हातात देणारेही मी बघतो. तीस किलोचं वाहन, वर तीस किलो सामान, बारा वर्षांच्या पोराला आवरत नाही. आणि हेल्मेट सक्तीचं नसलं तरी घाला. डांबराला कायदा कळत नाही.

रस्त्याचं सांगतो. आमच्या बाजूने राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. विमानतळाच्या गाड्या ऐंशीने येतात. तुम्ही पंचवीसने. मागून येणारा सेकंदाला पंधरा मीटरने तुमच्यावर चालून येतो. त्या रस्त्यावर ही सायकल न्यायची नाही, अपवाद नाही. सर्व्हिस रोडने जायचं, आणि एक किलोमीटर वाचवायला उलट दिशेने घुसायचं नाही. किल्ल्याच्या आतल्या गल्ल्या, जुना बाजार, वसाहतीतले रस्ते, तिथे मात्र हिला तोड नाही. मोटार शिरत नाही आणि स्कूटर लावायला जागा शोधावी लागते तिथे ही दारात उभी राहते.

बॅटरी रात्री झोपेत असताना चार्ज करू नका. काढून आत आणा, पण दाराशी, बाहेर पडायच्या वाटेत ठेवू नका. दुसरा कुठला चार्जर लावू नका. पाण्यात बुडाली, पडून पिचकली किंवा फुगली तर परत वापरू नका.

आता मुख्य गोष्ट. माझ्या पत्नीची उंची पाच फूट, गुडघे दुखतात. गेली काही वर्षं तिने स्कूटर सोडली होती, कारण उभी असताना ती पेलत नव्हती. पेलवत नाही म्हणून बाजार माझ्यावर किंवा मोबाईलवरच्या ॲपवर. या सायकलीची मधली चौकट खाली आहे, पाय उंच टाकावा लागत नाही, सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात. पहिला आठवडा तिने वसाहतीतच, रिकामी चालवली. तिसऱ्या आठवड्यात एकटी बाजारात गेली आणि बारा किलो भाजी घेऊन आली. मी विचारलं, कशी वाटली? ती म्हणाली, "भाजी निवडून घेतली. दहा वर्षांनी."

आमच्या वयात मुलं परगावी किंवा परदेशी असतात. सामान दारात आणून देणारे आहेत, आणि ते मेहनतीचं काम करतात, त्यांना मान द्या. पण आपलं ओझं आपण आणू शकतो हे हातपाय चालतात तोवर टिकवण्यासारखं आहे. ज्या दिवशी ते सुटतं, त्या दिवशी घराबाहेर पडण्याचं कारणही सुटतं. मी वहीत पेट्रोल, युनिटं, किलोमीटर सगळं मांडलं. ती भाजी मांडायला रकाना नव्हता.

तर कुणी घ्यावी? ज्यांचं रोजचं काम पाच-सात किलोमीटरच्या आत आहे, रस्ते सपाट आहेत, महामार्ग ओलांडायचा नाही, आणि चार्जिंगला तळमजल्यावर किंवा लिफ्टने पोचता येईल अशी सोय आहे, त्यांनी. कुणी घेऊ नये? ज्यांच्या वाटेवर वेगाची वाहतूक आहे, ज्यांना रोज दोन माणसं न्यायची आहेत, ज्यांना तीस किलोची सायकल जिन्याने चढवावी लागेल, त्यांनी. त्यांनी सरळ नोंदणीची ई-स्कूटर बघावी. आमच्या बंगळुरूच्याच रिव्हर कंपनीची इंडी आहे, सीटखाली ४३ लिटरची जागा; पण तिला लायसन्स, विमा, हेल्मेट सगळं लागतं.

दुकानात जाताना पाच गोष्टी लिहून न्या. मधला रुंद स्टँड. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. सामान खाली, बाजूंना लावायची सोय. चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र. आणि मागचं चाक काढून परत बसवून दाखवणारा मेकॅनिक. या पाचांपैकी एक जरी नसेल तर चहा पिऊन घरी या. घाई नाही.

जय हिंद.