जनीच्या जिल्ह्यात आपले स्वागत

मान्यवर संशोधक, बालकल्याण समित्यांचे सदस्य आणि मागच्या रांगांत बसलेल्या अंगणवाडी ताई,

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही पाळण्यापासून ऐकतो आणि ते खरे मानतो! ही जुनी प्रभावतीनगरी. १९७२ पासून इथे कृषी विद्यापीठ आहे. साहित्यिक बी. रघुनाथ इथलेच. पण आज मला सांगायचे आहे ते गंगाखेडच्या जनीबद्दल.

गोदाकाठची ही पोर लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि तिथेच वाढली. दळण, कांडण, शेणी, सगळे तिने केले. आईबाप गेले, आता तूच सांभाळ, असे ती विठ्ठलाला विनवते. साडेसहाशे वर्षे आम्ही ते टाळ वाजवत गातो. त्या पोरीच्या रात्री कशा गेल्या असतील, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही. तुम्ही आज ते विचारायला आला आहात.

१९९५ चे साहित्य संमेलन इथेच भरले. मी मंडपात पाणी वाटत होतो. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले ते अर्भक गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी घरी नेले आणि काशीबाईंनी वाढवले. परक्याचे लेकरू पोटाशी धरले, की काय उभे राहते ते या शहराने डोळ्यांनी पाहिले आहे.

बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास आमच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले कुटुंबांत दिली. ती अधिक सावरली, आणि दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेली सर्वांत जास्त. म्हणजे उशीर करून चालत नाही. आपल्याकडे बालसंगोपन योजनेत असे मूल सांभाळणाऱ्या घराला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पण रात्री दचकून उठणाऱ्या पोराला कसे जवळ घ्यायचे, हे त्या आजीला, मामीला कोण शिकवणार?

व्यवस्थेत उणिवा आहेत. ऊन फार आहे, कूलर कमी पडले, काही पाहुण्यांना एका खोलीत तिघे राहावे लागले. मनापासून क्षमा मागतो. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी धान्य दिले, मंडपवाल्याने भाडे घेतले नाही, भजनी मंडळाच्या बायका पहाटेपासून पोळ्या लाटत आहेत. निवृत्त शिक्षकांनी पेन्शनमधून वर्गणी दिली, महाविद्यालयाच्या पोरांनी काल रात्रभर सतरंज्या अंथरल्या. या सर्वांचा मी ऋणी आहे.

एक विनंती. निबंध इंग्रजीत असला तरी निष्कर्ष मराठीत सांगा. उद्या रात्री दचकून उठणारे ते लेकरू या अंगणवाडी ताईंच्याच दारात येणार आहे.