शाळेचा निधी आणि पालकांचे आसन
(सुवर्णमहोत्सवानिमित्त नृसिंहवाडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीस येणारा भाविक घाट पाहतो, दत्तपादुकांचे दर्शन घेतो आणि पेढे-बासुंदी घेऊन परततो. याच गावात व आसपासच्या शिवारात नारळ-फुलांची दुकाने लावणारी, नाव वल्हविणारी, उसाच्या आणि भाजीच्या मळ्यात रोजंदारीने राबणारी कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांची शाळा भाविकाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. ती शाळा कोणाच्या पैशावर चालते, त्या पैशाचा हिशेब कोण विचारतो आणि त्यात मुलाच्या आईवडिलांना काही स्थान आहे काय, हा या व्याख्यानाचा विषय होय.

या प्रश्नाचा इतिहास कोल्हापूरच्याच भूमीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या पायरीपासून दूर ठेवलेल्या समाजाला तेथवर आणण्यासाठी तो कठोरपणा आवश्यक होता. शाळा दरबारची, खर्च दरबारचा आणि पालकाकडे केवळ मूल पाठविण्याचे कर्तव्य, अशी ती रचना होती.

दुसरी वाट हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी दाखविली. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले, ही कथा महाराष्ट्रास ज्ञात आहे. ज्या रयतेची मुले शिकत होती, तिच्याकडूनच मूठमूठ धान्य गोळा होत असे. त्या मुठीचे मोल धान्यापुरते नव्हते. मूठ देणारा शेतकरी ‘ही शाळा माझी’ असे म्हणू शकत होता.

स्वातंत्र्यानंतर शाळांचे जाळे विस्तारले आणि पुढे केंद्र शासनाचा निधीही गावोगावी येऊ लागला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने कोरड्या धान्याऐवजी शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. सर्व शिक्षा अभियान त्याच सुमारास आले आणि २०१८ साली ते समग्र शिक्षा या एकत्रित योजनेत विलीन झाले. महाराष्ट्रासारख्या राज्यात तिचा भार केंद्राने ६० टक्के व राज्याने ४० टक्के उचलावा, असे ठरले.

हा निधी प्रत्यक्ष शाळेत पोहोचतो तेव्हा त्याचे रूप लहान असते. योजनेच्या निकषानुसार ३१ ते १०० पटाच्या शाळेस वर्षाला २५ हजार रुपये आणि १०१ ते २५० पटाच्या शाळेस ५० हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरविले गेले. नव्वद मुलांच्या शाळेला हे महिन्याकाठी दोन हजारांहून किंचित अधिक पडतात. वीजबिल, खडू, नळाची दुरुस्ती, शौचालयाची देखभाल सारे त्यातच भागवायचे आणि किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा. रक्कम अशी तुटपुंजी असते, तेव्हा ती कोठे आधी खर्चावी हा निर्णयच मोलाचा ठरतो. मुलींच्या शौचालयास कडी नाही, हे कार्यालयातील कागदास दिसत नाही. मुलीच्या आईला ते ठाऊक असते.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याने नेमके याच आईला आसन दिले. शाळा व्यवस्थापन समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात स्थान असावे, असे कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे ही त्या समितीची कामे होत. १९१७ साली ज्या पालकावर दंडाची तरतूद करावी लागली, त्याचा नातू आता हिशेब विचारण्याचा अधिकारी झाला.

या अधिकाराची किंमत गणवेशाच्या प्रकरणात कळून आली. समित्या स्थानिक पातळीवर गणवेश घेत असत. २०२४-२५ या वर्षी राज्यभर एकच कापड मध्यवर्ती पद्धतीने खरेदी करून गणवेश देण्याचा प्रयोग झाला. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले, कित्येकांची मापे जुळली नाहीत. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा समित्यांकडे सोपविण्याचा निर्णय घेतला. मुलाच्या अंगाचे माप मंत्रालयापेक्षा घरात अधिक चांगले कळते, एवढाच त्याचा अर्थ.

तथापि आसन मिळाले म्हणजे माणूस त्यावर बसतोच असे नाही. सभेची सूचना मुलाच्या हाती घरी येते. सभा दुपारी दोनची; त्या वेळी आई भांगलणीला गेलेली असते. सभेला थांबावे तर त्या दिवसाचा रोज बुडतो. पौर्णिमेस वाडीत यात्रेकरूंची दाटी, तेव्हा दुकान सोडणे अशक्य. मग नोंदवहीच घरी येते आणि ‘येथे सही करा’ एवढेच ऐकून आई सही करते. कायद्याची पूर्तता होते. शौचालयाची कडी मात्र तशीच राहते.

ही अडचण केवळ गरीब देशांची नव्हे. अमेरिकेत ११ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आपल्या पहिल्या शिक्षिकेस शेजारी बसवून अल्प उत्पन्न गटातील मुलांच्या शाळांना केंद्रीय निधी देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यात पुढे अशी तरतूद झाली की, पाच लाख डॉलरहून अधिक निधी मिळणाऱ्या शिक्षण विभागाने त्यातील किमान एक टक्का पालकांच्या सहभागासाठी राखावा. सभा सकाळी किंवा सायंकाळी सोयीने घ्यावी, आणि त्या निधीतून पालकांचा प्रवासखर्च किंवा लहान मुले सांभाळण्याची सोयही करता यावी, हेही तेथे मान्य झाले. निमंत्रण देऊन भागत नाही, येण्याची वाटही मोकळी करावी लागते, हे त्या देशाने कायद्यात लिहिले.

जैन समाजास या विषयात एक विशेष उत्तरदायित्व आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांतील समितीचे काम सल्ल्यापुरते ठेवले. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नसल्याचा निकाल दिला. ही मोकळीक मिळाली म्हणून समाजाच्या शाळेने गरीब पालकाला दाराबाहेर ठेवावे काय? सक्ती नसताना दिलेले आसनच खरे सन्मानाचे.

ट्रस्ट वह्या-पुस्तके वाटतात, ते पुण्यकर्म आहेच. त्याच्या जोडीला काही साधी कामे सहज होऊ शकतील. पौर्णिमा टाळून सायंकाळी सभा व्हावी म्हणून शाळेशी बोलणे. सभागृह उपलब्ध करून देणे. तेवढा वेळ लहानग्यांना सांभाळणे. समाजातील निवृत्त हिशेबनीसाने अनुदानाचा जमाखर्च पालकांना सोप्या मराठीत वाचून दाखविणे. २०१९ व २०२१ च्या महापुरांचा अनुभव या गावास आहे; पावसाळ्यापूर्वी शाळेचे दप्तर व पुस्तके उंचावर कोणी हलवायची, हेही त्या सभेत ठरावे.

शास्त्रकारांनी दानाचे चार प्रकार सांगितले : आहार, औषध, ज्ञान आणि अभय. शाळेत पोषण आहार शिजतो, आरोग्य तपासणी होते, पुस्तके मिळतात. पहिल्या तिहींना शासनाचा निधी थोडाफार पुरतो. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या उंबऱ्याशी थबकलेल्या आईला ‘आत या, हा हिशेब तुमचाच आहे’ असे सांगणारे अभय मात्र कोणत्याही अनुदानातून येत नाही. ते समाजानेच द्यावयाचे असते.

जय जिनेंद्र!