शब्द डोक्यात राहतो कसा?

(विहाराच्या वर्धापनदिनी पालक आणि विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



समितीने आम्हाला मुलांच्या अभ्यासावर बोलायला सांगितले आहे. त्यातली एकच गोष्ट आम्ही घेणार आहोत, नवे शब्द पाठ कसे करावेत. कोणी म्हणेल, वर्धापनदिनाला हा काय विषय झाला? पण आपल्या वस्तीतली पोरं आठवी-नववीला येऊन अडतात, ती बरेचदा शब्दांपाशीच अडतात. गणित येतं, पण तेच गणित इंग्रजीत लिहून आलं की विचारलंय काय हेच कळत नाही. मग घरात एक वाक्य सुरू होतं, "याच्या डोक्यात काही राहतच नाही." आधी बाप म्हणतो, मग आई म्हणते, आणि शेवटी पोरगंही तेच म्हणू लागतं. हे वाक्य आपल्या घरातून हद्दपार झालं पाहिजे.

का, ते ऐका. गौतम धर्मसूत्रात शूद्राने वेद ऐकला तर कानात तापलेला रस ओतावा, उच्चारला तर जीभ छाटावी आणि लक्षात ठेवला तर शरीर तोडावं, असं लिहून ठेवलं आहे. पाठांतराला शिक्षा! बंधूंनो, ज्यांच्या डोक्यात काही राहतच नाही त्यांच्यासाठी असा कायदा करायची गरज कोणाला पडली असती?

उलट बुद्धाच्या संघात काय झालं? राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय म्हणून दाखवला तो उपालीने, आणि उपाली मूळचा न्हावी. धम्म म्हणून दाखवला आनंदाने. पुढे कित्येक शतकं हे सगळं तोंडपाठ चाललं आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत लिहून काढलं गेलं. एवढं लक्षात राहिलं ते काही जादूने नव्हे, त्याची बांधणीच तशी होती. अंगुत्तर निकाय एकापासून अकरापर्यंत आकड्यांवर रचलेला आहे. चार आर्यसत्ये, पाच शीले, आठ अंगांचा मार्ग, दहा पारमिता. मोजून ठेवलं की एखादं सुटलं तर लगेच कळतं.

आणि चुल्लपंथकाची गोष्ट तर प्रत्येक आईबापाला ठाऊक असावी. हा भिक्खू चार महिन्यांत एक गाथा पाठ करू शकला नाही. थोरला भाऊ महापंथक भिक्खूच होता, तो म्हणाला, तुझं इथं काम नाही, घरी जा. तथागतांनी त्याला थांबवलं. एक स्वच्छ फडकं हातात दिलं आणि ते चोळत एकच शब्द म्हणायला सांगितलं, रजोहरणं, म्हणजे मळ काढणं. चोळता चोळता फडकं मळलं, आणि ते पाहून त्याला अर्थ उमगला. पुढे अट्ठकथेत चमत्कार आले आहेत, ते आपण सोडून देऊ. आपल्या कामाचं एवढंच, की कान, हात आणि डोळा यांनी मिळून शब्द धरला. नुसत्या घोकण्याने चार महिने वाया गेले होते.

आता इंग्रजीकडे वळू. नवा शब्द हवेत लटकत नाही, त्याला खुंटी लागते. ती खुंटी आपल्याच भाषेतली घ्यायची. गेल म्हणजे जोराचा वारा. गेल आला आणि छपराचा पत्रा गेला! मटर म्हणजे पुटपुटणे. तोंडात मटार भरून बोलणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. बॅरन म्हणजे ओसाड. ज्या जमिनीचं काही बरं नाही ती बॅरन. शांत या अर्थाचा जो शब्द आहे त्याचा उच्चार 'काम'. पाळी संपली, काम झालं, माणूस शांत झाला. त्याच्या स्पेलिंगमध्ये एक एल आहे, पण तोही शांतच बसतो. (इथे मुलं हसली. हसू द्या, हसलेला शब्द लवकर विसरत नाही.)

काही शब्दांना तर खुंटीही नको, ते मुळात आपल्याकडूनच गेले आहेत. खाटेचा कॉट झाला, चंपीचा शॅम्पू झाला. जाड्याभरड्या कापडाला इंग्रजीत डंगरी म्हणतात, ते नाव मुंबईतल्या डोंगरीवरून पडलेलं. आम्हा गिरणीवाल्यांना याचं विशेष वाटतं.

ही आमची कल्पना आहे असं समजू नका. अमेरिकेत ॲटकिन्सन आणि रॉ या संशोधकांनी 1975 साली विद्यार्थ्यांना 120 रशियन शब्द शिकवले. खुंटीच्या पद्धतीने शिकलेल्यांना 72 टक्के शब्द आठवले, बाकीच्यांना 46 टक्के. पण खुंटी म्हणजे सगळं शिक्षण नव्हे. त्या शब्दाचं स्वतःचं एक वाक्य केल्याशिवाय तो वापरता येत नाही, आणि प्रत्येक शब्दाला ओढूनताणून खुंटी शोधत बसू नये.

आठवलेला शब्दही काही दिवसांनी निसटतो. त्यावर सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 साली जर्मन पुस्तकात खोक्याची युक्ती सांगितली. बुटाच्या खोक्याला पुठ्ठ्याचे तीन कप्पे करा. पत्त्याच्या एका बाजूला इंग्रजी शब्द आणि देवनागरीत उच्चार, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. उत्तर आलं तर पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकलं तर पुन्हा पहिल्यात. त्यामुळे येणाऱ्या शब्दावर वेळ जात नाही आणि न येणारा शब्द डोळ्यांआड होत नाही.

मातांनो, हे काम तुमचं आहे. "आम्हाला कुठं इंग्रजी येतं" म्हणून मागे सरू नका. मराठी बाजू तुम्ही वाचा, इंग्रजी त्याला बोलू द्या, उच्चार मागे लिहिलेलाच आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी एवढंच पाहायचं, की उत्तर बोलल्याशिवाय पोरगं पत्ता उलटत नाही. आठवण्याची जी धडपड आहे तिनेच शब्द पक्का होतो, पुन्हा पुन्हा वाचण्याने तेवढा होत नाही. क्लासची फी भरणाऱ्या घरात हे होतच असेल असं नाही, आणि ह्याला तर दिवसाची पंधरा मिनिटं आणि टाकाऊ पुठ्ठा एवढाच खर्च आहे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर इथेच पत्ते कापायला बसू. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका घेऊन या, त्यांची मागची बाजू कोरी असते. कात्र्या समितीकडे दोनच आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणाव्यात.

जयभीम! नमो बुद्धाय!