दुसऱ्यासाठी दुःख मागावे काय?



हे कीर्तन सूरजागडला एका घराच्या अंगणात झाले. पेटी होती, तबला होता, दोन टाळ होते, मंडळी जेमतेम चाळीस. अंगणाच्या पलीकडून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर लोहखनिजाची लाल धूळ आमच्या पेटीवर येऊन बसत होती. आता तेच बोलणे कागदावर तुमच्या हाती आले आहे. कागदाला सूर नसतो, म्हणून जिथे भजन झाले तिथे तुम्ही मनात एखादे म्हणा आणि पुढे चला.

विषय मी निवडलेला नाही. तो एका आईने माझ्यापुढे ठेवला. तिचे नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. एवढेच समजा की एटापल्ली तालुक्यातली आहे. नवरा गेलेला, एकच मुलगा. मुलगा आधी उपासनेला यायचा, ढोलकी वाजवायचा. मग गाडीवर कामाला लागला, हातात पैसा आला, पैशाबरोबर दारू आली, आणि रविवार सुटला. आईने वर्षभर अश्रू ढाळून प्रार्थना केली. एका बुधवारी घरगुती सभेत ती गुडघ्यांवर आली आणि म्हणाली, "देवा, याला आपट. याला आजारी पाड, याचं काम जाऊ दे, पण याला तुझ्याकडे आण." आणि आम्ही सगळे म्हणालो, आमेन. मीसुद्धा म्हणालो. मोठ्याने म्हणालो, बरं का.

तीन आठवड्यांनी मुलगा तापाने पडला. मेंदूचा मलेरिया. बडबडायला लागला, आईला ओळखेना. रात्री पावसात गाडी करून नेला, पुढे गडचिरोलीला हलवला. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. तिने मला बसा म्हटले नाही. एकच विचारले, "पाळकजी, माह्या मागण्यानं झालं का जी हे?"

वाचकहो, मी पंचवीस वर्षे कीर्तन करतो. त्या रात्री मला एक ओळ सुचली नाही.

(येथे भजन.)

तर बघा, ही प्रार्थना आपल्यात नवी नाही. कुणी तिला "मोडण्याची प्रार्थना" म्हणतात. संकट आले की माणूस देवाकडे वळतो, म्हणून संकटच मागा. ऐकायला किती सरळ वाटते! आणि शास्त्रात आधार नाही असेही नाही, उगाच खोटे कशाला बोलू? त्र्याऐंशीवे स्तोत्र उघडा. तिथे भक्त मागतो की वैऱ्यांची तोंडे लाजेने भरून जावीत, म्हणजे ते देवाचे नाव शोधतील. याकोबाचे पत्र उघडा. एलीयाने पाऊस पडू नये म्हणून मागितले आणि साडेतीन वर्षे थेंब पडला नाही. मग आम्ही मागितले तर काय बिघडले?

एलीयाचेच पाहू. पहिली गोष्ट, तो एका करारबद्ध राष्ट्राचा संदेष्टा होता. मूर्तींच्या मागे लागलात तर आकाश बंद होईल, हे मोशेच्या नियमशास्त्रात त्या राष्ट्राला आधीच बजावलेले होते. राजा आहाबाला ते ठाऊक होते. आपल्या शेजाऱ्याच्या धानाविषयी असा कुठला शब्द आपल्या हाती दिलेला आहे? दुसरी गोष्ट, तो दुष्काळ एलीयाच्याही वाट्याला आला. ज्या ओढ्याचे पाणी तो पीत होता तो ओढाच आटला. मग तो सारफथला गेला, तर तिथे एक विधवा काटक्या वेचते आहे. का? शेवटची भाकर भाजायची, मुलाला द्यायची, आपण खायची आणि मरायचे. दुष्काळ राजाच्या वाड्यात शेवटी पोचतो हो, विधवेच्या पिठाच्या मडक्यात आधी पोचतो.

आणि तिसरी गोष्ट आपण कीर्तनात सहसा सांगतच नाही. कर्मेल डोंगरावर अग्नी पडला, सगळे लोक पालथे पडले, परमेश्वर हाच देव असे ओरडले. इथे आपण टाळी वाजवतो आणि थांबतो. पान उलटा. दुसऱ्याच दिवशी ईजबेल राणीचा निरोप येतो आणि एलीया जीव घेऊन पळतो, झुडुपाखाली बसून मरण मागतो. त्याच्या बाजूने उभा राहायला त्या गर्दीतला एकही माणूस दिसत नाही. साडेतीन वर्षांच्या उपासमारीने आणि एका दिवसाच्या अग्नीने आणलेला विश्वास रात्रभर टिकला नाही.

प्रभूच्या शिष्यांनाही हीच खुमखुमी आली होती. लूक, नववा अध्याय. शोमरोन्यांच्या एका गावाने प्रभूला थारा दिला नाही. याकोब आणि योहान म्हणाले, प्रभू, सांग, आकाशातून अग्नी मागवतो. प्रभू वळला आणि कुणाला रागावला? गावाला नाही, या दोघांना. आणि निमूट दुसऱ्या गावाला निघाला. आता गंमत ऐका. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. शोमरोनात लोकांनी वचन स्वीकारले, आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करायला यरुशलेमेहून कोण गेले? पेत्र आणि योहान! तोच योहान. त्याच्या मनासारखा अग्नी पडला असता तर त्याने हात कुणाच्या डोक्यावर ठेवला असता, राखेच्या?

आणि पौल. तो साखळदंडात राजा अग्रिप्पापुढे उभा आहे. तो राजाला म्हणतो, तू आणि इथे बसलेले सगळे माझ्यासारखे व्हावेत असे मी देवाजवळ मागतो, मात्र या बेड्या सोडून. वाचकहो, दोन वेळा वाचा. बेड्यांनी पौलाचे भलेच झाले असे तो स्वतःच फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो. तरीही त्या बेड्या तो समोरच्यासाठी मागत नाही.

स्वतःच्या दुःखाविषयी "मला पीडा झाली ते बरे झाले" असे भक्त म्हणू शकतो, एकशे एकोणिसावे स्तोत्र म्हणतेच. ते ज्याने सोसले त्याने, सोसून झाल्यावर म्हणायचे. दुसऱ्याच्या वतीने आगाऊ म्हणायचे नाही.

(येथे भजन.)

आता आपल्या मुलखाकडे या. पंडिता रमाबाईंचे नाव कोणाला ठाऊक नाही? 1874 च्या सुमारास दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उपाशीपोटी गेली. त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले. त्या दिवसांत आपला जुना विश्वास कसा ढासळला हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे दुष्काळाने मला प्रभूकडे आणले असे म्हणण्याचा हक्क कुणाला असेल तर तो या बाईला. मग 1896 सालचा दुष्काळ मध्य प्रांतात पडला. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता, आणि हे सूरजागड त्या चांदा जिल्ह्यात. रमाबाईंनी काय करावे? देवाचे काम चालले आहे, चालू द्या, म्हणाव्यात? त्या उठून मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुली, बालविधवा गोळा केल्या, शेकडोंनी आणल्या, केडगावला त्यांना छप्पर दिले, अन्न दिले, काम शिकवले. ज्या दुष्काळाने त्यांची आई नेली, तो दुसऱ्या कुणाच्या आईसाठी मागावा, हे त्यांच्या मनाला शिवले असते का, सांगा बघू.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती तेलंगाची आहे. सिरोंचाच्या पलीकडे गोदावरी ओलांडली की तेलुगू मुलूख. तिथून खूप खाली दक्षिणेला ओंगोल. तिथे जॉन क्लॉ नावाचे अमेरिकन बाप्तिस्त मिशनरी होते. 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ. क्लॉसाहेबांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचा ठेका घेतला, का, तर उपाशी माणसांना मजुरी मिळावी. लोक म्हणू लागले, आम्हाला बाप्तिस्मा द्या. साहेबांनी मदतीचे काम संपेपर्यंत बाप्तिस्माच बंद ठेवला! उद्या कुणी म्हणू नये, आणि त्या माणसालाही आपल्या मनात वाटू नये, की मी भाकरीसाठी आलो. मदत संपल्यावर, 3 जुलै 1878 रोजी, एका दिवसात 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला. लोक तो आकडा सांगतात. मला आकड्यापेक्षा आधीचे थांबणे मोठे वाटते.

हे मी सूरजागडात का सांगतो? आपल्यावर इथे काय आरोप होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. हे लोक तापाच्या गोळीवर धर्म विकतात, दुखण्याची वाट बघतात. ठाकूरदेवाला मानणारा आपला माडिया शेजारी हे बोलतो तेव्हा आपल्याला राग येतो. आणि बुधवारी दार लावून आपण दुखणेच मागत असलो, तर त्याचे काय चुकले? त्याच शेजाऱ्याच्या बाजेवर आपण तापात पडलो होतो, त्याने मोहाच्या दिवसांत आपल्या लेकरांना सांभाळले आहे. त्याच्या घरावर ताप यावा असे मागून सकाळी त्याला जोहार कोणत्या तोंडाने घालायचा?

आता आख्यान. योना संदेष्टा. मासा सगळ्यांना ठाऊक, म्हणून मासा सोडून देतो. योना निनवेत गेला, म्हणाला, चाळीस दिवसांत नगर उलथणार. आणि आक्रीत झाले, नगराने ऐकले! राजा राखेत बसला, गुरांना सुद्धा गोणपाट नेसवले. देवाने हात आवरला. कीर्तनकाराला याहून काय पाहिजे हो? मला तर चाळीसपैकी चौघांनी ऐकले तरी रात्री झोप लागत नाही आनंदाने. पण योना रागावला! नगराबाहेर मांडव घालून बसला, नगराचे काय होते ते बघायला. अजून त्याला आशा आहे, बरं का, की काहीतरी पडेल.

ऊन तापले. देवाने एक वेल उगवला, सावली झाली, योना खूश. दुसऱ्या दिवशी किड्याने वेल खाल्ला, गरम वारा सुटला, योना म्हणतो, मेलेलो बरा. तेव्हा देव विचारतो, ज्या वेलासाठी तू राबला नाहीस त्याची तुला कणव येते. मग या नगरात एक लाख वीस हजारांहून जास्त माणसे आहेत, ज्यांना उजवे-डावे कळत नाही, आणि पुष्कळ गुरे आहेत, त्यांची मला कणव येऊ नये का? तिथे पुस्तक संपते. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेलेच नाही.

गुरे, वाचकहो! देव गुरेही मोजतो. आणि आम्ही प्रार्थनेत एका पोराला आपट म्हणतो तेव्हा त्याच्यामागची आई मोजत नाही.

(येथे भजन.)

आता त्या व्हरांड्यात परत या. त्या रात्री मी गप्प बसलो, पण दुसऱ्या दिवशी तिला बोललो ते असे. मी म्हटले, माय, या पावसाळ्यात तुझ्या टोल्यात किती घरांत ताप आहे? तिने बोटे मोजली. सात. म्हटले, त्या सातांवर कुणी मागितले होते? तुझ्या वाक्याने डास जन्मले नाहीत. देव तुझा गडी नाही, की रागाने सांगितलेले काम तो मुकाट करून येईल. बाप आहे तो. लेकराने भाकर मागितली तर जो धोंडा देत नाही, तो धोंडा मागितला म्हणून फेकून मारील काय? ती रडली. मग विचारले, "मंग मी चुकली नाही का जी?" मी म्हटले, चुकलीस. आणि मी आमेन म्हणून तुझ्याहून जास्त चुकलो, कारण मला शिकवण्याचा पगार मिळतो.

कुणी म्हणेल, उधळ्या पुत्राला दुष्काळानेच घरी आणले. खरे आहे. पण तो दुष्काळ बापाने मागितला असे लूकाने लिहिले आहे का? बाप दूरवरून त्याला पाहतो, म्हणजे डोळे वाटेकडे होते. मुलाला डुकरांच्या शेंगा खाव्या लागोत म्हणून तो देव्हाऱ्यापुढे बसला नव्हता.

मुलगा वाचला. महिनाभर अशक्त होता. आणि मग सभेतल्याच कुणीतरी त्याला सांगितले, तुझ्या आईने असे असे मागितले होते, बघ, देवाने ऐकले, आता तरी ये. सांगणाऱ्याला वाटले, साक्ष देतो आहे. मुलगा आईला म्हणाला, "म्हंजे तू अन् तुहा देव मिळून मले मारत होते?" आणि त्याने आईशी बोलणे टाकले.

मी त्याच्याकडे गेलो. तो गाडीखाली आडवा होऊन काहीतरी कसत होता. मी बाहेरूनच म्हटले, तुझ्यावर मागितलेल्या प्रार्थनेला मी आमेन म्हटले, ते चुकीचे होते, मला माफ कर. पान्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी परत आलो. दोनदा असाच परत आलो. आई आता रोज संध्याकाळी त्याचे नाव घेते. त्याला झोप लागू दे, गाडी नीट चालू दे, रात्री जेवायला घरी येऊ दे, आणि देवा, तू त्याला भेट, एवढेच म्हणते. सभेत आम्हीही तेवढ्यालाच आमेन म्हणतो.

या कीर्तनाच्या आदल्या दिवशी तो रस्त्यात भेटला. गाडी थांबवली, काच खाली केली. "पाळकजी, आता काय मागता माह्यासाठी?" मी म्हटले, तुझा ताप परत येऊ नये, हे मागतो. तो हसला, बऱ्याच दिवसांनी. म्हणाला, "मच्छरदानी लावतो मी. आई म्हणे रोज, लाव, लाव." म्हणजे बोलतात तर मायलेक! गिअर टाकला, लाल धूळ माझ्या तोंडावर उडवली आणि डोंगराकडे निघून गेला.

(येथे भजन, मग प्रार्थना व आशीर्वाद.)