सत्तावीस विद्यार्थ्यांचा प्रश्न



हवामान बिघडत चाललें आहे, ही गोष्ट आतां कोणाला नव्यानें सांगावयास नको. परंतु त्याविषयीं धोरण ठरविण्याची वेळ आली म्हणजे, ज्यांना या बिघाडांत सर्वांत अधिक काळ राहावयाचें आहे त्या तरुणांना आपण कोठें बसवितों? बहुधा निबंधस्पर्धेंत, प्रभातफेरींत, फार तर वृक्षारोपणाच्या समारंभांत. जेथें ठराव लिहिले जातात तेथें त्यांना जागा नसते. ती कां असावी, हें एका खऱ्या हकीकतीवरून सांगण्याचा आज माझा विचार आहे.

पॅसिफिक महासागरांत वानुआतू नांवाचें सुमारें ८० बेटांचें एक लहानसें राष्ट्र आहे. मार्च २०१५ मध्यें 'पाम' नांवाच्या चक्रीवादळानें त्याची दुर्दशा केली. त्याची राजधानी पोर्ट व्हिला येथें दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाची कायद्याची शाखा आहे. आसपासच्या अनेक बेटांवरील मुलगे व मुली तेथें शिकतात. २०१९ सालीं तेथील २७ विद्यार्थ्यांनीं अभ्यासाच्या ओघांत एक प्रश्न विचारांत घेतला : हवामानाचें रक्षण करण्याचें राष्ट्रांवर कायद्यानें कोणतें बंधन आहे, हें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारतां येणार नाहीं काय? वर्ग सुटला, पण प्रश्न सुटला नाहीं. त्यांनीं संघटना उभारली आणि त्या भागांतील राष्ट्रांच्या पुढाऱ्यांना पत्रें लिहिलीं.

पत्रें लिहिणारे विद्यार्थी सर्वत्र असतात. तीं मनावर घेणारें सरकार क्वचित् भेटतें. वानुआतूचे त्या वेळचे परराष्ट्रमंत्री राल्फ रेगेनवानू यांनीं ही सूचना उचलून धरली. त्याच वर्षीं पॅसिफिक राष्ट्रांच्या परिषदेनें तिची नोंद घेतली. २०२२ सालीं तिला पाठिंबा दिला. २९ मार्च २०२३ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें तसा ठराव सर्वसंमतीनें मंजूर केला. २३ जुलै २०२५ रोजीं न्यायालयानें एकमुखानें अभिप्राय दिला कीं, हवामानाचें रक्षण करणें हें राष्ट्रांचें कायदेशीर कर्तव्य आहे, व तें मोडल्यास नुकसानभरपाईची जबाबदारीही येऊं शकते. हा अभिप्राय म्हणजे हुकूम नव्हे, आणि त्यानें समुद्र बोटभरही खालीं गेला नाहीं, हें खरें. परंतु वर्गांत निघालेल्या प्रश्नाला जगांतील सर्वोच्च न्यायासनाकडून उत्तर मिळालें.

कोणी म्हणेल, "मुलांना अनुभव काय?" शंका रास्त आहे. धरणाचा हिशेब व अंदाजपत्रक अनुभवी माणसांनींच करावें. त्या २७ जणांनाही मुत्सद्द्यांची मदत लागलीच. परंतु मृगाचा पाऊस केव्हां पडेल, याविषयींचा आपला अनुभवही आतां पूर्वीइतका कामास येत नाहीं. शिवाय, हिंदु कायद्याप्रमाणें अज्ञान मुलाच्या मालकीची जमीन त्याच्या पालकालाही न्यायालयाच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं. मग त्याच्या वांट्याची हवा आणि त्याचें पाणी यांचा व्यवहार त्याला न विचारतां कसा करावा?

आतां आपल्याकडे पाहूं. मुंबई महानगरपालिकेनें मार्च २०२२ मध्यें हवामान कृति आराखडा प्रसिद्ध केला. शहराचें निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्यासाठीं त्यांत २०५० सालची मुदत घातली आहे. २०२५ सालीं जो मुलगा १५ वर्षांचा होता, तो त्या वेळीं ४० वर्षांचा संसारी गृहस्थ असेल. आराखडा लिहिणारे बहुतेक अधिकारी तेव्हां निवृत्त झालेले असतील.

म्हणून माझी सूचना साधीच आहे. शहराची वा जिल्ह्याची अशी योजना ठरतांना समितींत तरुणांना पाहुणे म्हणून न बोलावतां सभासद म्हणून घ्यावें. त्यांचा प्रश्न इतिवृत्तांत लिहावा. आणि तो अमान्य करावयाचा झाल्यास त्याचें कारण लेखी द्यावें.

आणि आपण घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं काय करावें? उद्यां जेवतांना मुलीनें असा एखादा प्रश्न विचारला, तर "आधीं अभ्यास कर" असें म्हणून तो उडवूं नये. कदाचित् तोच तिचा अभ्यास असेल.